आईच्या मागची गाडी

बोर्गहिल्डने हिवाळ्यात डोंगर कधीच ओलांडला नव्हता. आता ती ओलांडणार होती, पण आडवी, पांढऱ्या पेटीत, ओड्वारच्या काळ्या शववाहिकेतून. तिची मुलगी उन्नी आपली छोटी विजेची गाडी घेऊन मागे होती. अंत्यविधी दुपारी, डोंगराच्या पलीकडे, गावच्या चर्चमध्ये.

म्हातारी शेवटची तीन वर्षं डोंगराच्या पूर्वेकडे होती, लेकीच्या गावातल्या वृद्धाश्रमात. आपल्या गावाला जायचं म्हणून रोज घोकायची आणि हिवाळा लागला की गप्प व्हायची. डोंगरावरच्या वादळाला ती फार भ्यायची. तिथे कोणी मेलं होतं अशातलाही भाग नाही, भीती ती भीती. जानेवारीत तिच्या छातीत कफ भरला आणि दवाखान्यात एका संध्याकाळी तिने उन्नीचं मनगट धरलं.

"मला गावीच पुरा," ती म्हणाली. "पण त्या डोंगरावरनं मला एकटीला पाठवू नकोस गं. तो डायव्हर आपला पुढे बघून गाडी हाकणार, आणि मी मागे अंधारात."

"मी मागेच असेन, आई. तुझ्या अगदी पाठोपाठ."

"नक्की?"

"नक्की. झोप आता."

तेवढ्यावर म्हातारीचं समाधान झालं. दोन दिवसांनी ती गेली आणि उन्नी रडली नाही. तिने फोन केले, पेटी निवडली, वृद्धाश्रमातलं कपाट रिकामं केलं, नर्सना केक नेऊन दिला. लोक म्हणाले, किती खंबीर आहे. खंबीर कसली, ती बधिर झाली होती. जेवण चावायची, चव लागायची नाही. निघायच्या आदल्या रात्री गाडी चार्जिंगला लावायची म्हणून वायर हातात घेऊन अंगणात गेली, शेजाऱ्याने सांत्वनाचे दोन शब्द बोलायला थांबवलं, आणि ती तशीच वायर गुंडाळून घरात परत आली.

हे तिला कळलं डोंगराच्या पूर्वेच्या फाटकापाशी. फाटक बंद होतं. वर वादळ, रस्ता फक्त तांड्यासाठी उघडा. म्हणजे पुढे बर्फ ढकलणारा ट्रक, त्याच्या मागे रांगेने गाड्या, शेवटी रस्तेवाल्यांची एक गाडी, आणि मधे कोणी थांबायचं नाही, वळायचं नाही, गाडीतून उतरायचं नाही. पुढच्या गाडीचे लाल दिवे धरायचे आणि जायचं. उन्नीने बॅटरीच्या काट्याकडे बघितलं तर अडतीस टक्के. चार्जिंगच्या खांबांपाशी पाच गाड्या ताटकळत होत्या, आणि ओड्वारची काळी गाडी रांगेत पुढे जाऊन उभीही राहिली होती.

तेवढ्यात भावाचा फोन आला. येर्मुन पलीकडे गावात राहतो, मेंढ्या पाळतो, आणि डिझेलशिवाय दुसऱ्या कशावर गाडी चालते हे त्याला मान्य नाही.

"कुठायस?"

"फाटकाशी."

"त्या विजेच्या इस्त्रीत बसून आलीस?"

"हो."

"बरं. इकडे कबरीची जमीन दगड झालीय. दोन दिवस हीटर लावून ठेवला तेव्हा कुठे फावडं शिरलं. म्हणजे आज पुरायचंच, उन्नी. परत गोठली तर मी नाही खणणार."

"येतो आम्ही."

"आम्ही?"

"आई आणि मी," उन्नी म्हणाली, आणि येर्मुनने फोन ठेवला.

तांड्याचा म्होरक्या स्टाइनार काच वाजवत एकेका गाडीशी येत होता. नारिंगी डगला, भुवयांवर बर्फ. तोही गावचाच, येर्मुनच्या वर्गातला.

"उन्नी. वाईट झालं."

"हो."

"गरम कपडे? फावडं? दोरी?"

"आहे सगळं."

"मला अगदी ट्रकच्या मागे कच्चे ड्रायव्हर ठेवायचे असतात. तू कच्ची नाहीस."

"मला आईच्या मागे राहू दे."

स्टाइनारने पुढच्या काळ्या गाडीकडे बघितलं. "बरं. ट्रक, मग ओड्वार, मग तू. बॅटरी किती आहे?"

"साठ."

"साठवर जमेल."

"जमेल," उन्नी म्हणाली.

इकडच्या माणसांचा हा एक मोठा दोष आहे, आणि मी इतकी वर्षं इथे काढून तो मलाही लागलाय. हे लोक करात एक पैसा लपवणार नाहीत, दुकानात चुकून सुट्टे जास्त आले तर बर्फातून परत नेऊन देतील. पण फाटकापाशी विचारा की जमेल का, तर पाय मोडलेला माणूसही जमेल म्हणतो. न जमणं म्हणजे परमुलखातला ठरणं. उन्नीने मनातल्या मनात हिशेबही केला होता. तास-दीड तासाचा रस्ता, एवढ्या विजेत निघतो. निघतोच, वारा नसला तर.

फाटक वर गेलं.

पहिला टप्पा बरा गेला. उन्नीला गाडी चालवायला वडिलांनी शिकवलं होतं, गोठलेल्या तळ्यावर. ते म्हणायचे, पेडलवर मांजर झोपलंय असं समज, त्याला उठवायचं नाही. दाबायचं हळू, सोडायचंही हळू. लोकांना वाटतं घसरतं ते ब्रेकने. विजेच्या गाडीत तर पाय झटकन उचलला तरी चाकं आपली आपण धरली जातात आणि गाडी फिरते, म्हणून उन्नीने ती आपोआप ब्रेक लागायची सोय निघतानाच बंद केली होती. चाकं ओड्वारच्या चाकोरीत ठेवायची. कडेचा बर्फ दिसतो रस्त्यासारखाच सपाट, पण आत भुसभुशीत असतो, एक चाक गेलं की उरलेली तीन तो ओढून घेतो. आणि काचेवर धावून येणाऱ्या बर्फाकडे बघायचं नाही, त्याने भूल पडते. लाल दिवे बघायचे, आणि उजव्या हाताला एकामागून एक येणाऱ्या काठ्या. रस्ता कुठे संपतो ते सांगायला त्या शरद ऋतूतच रोवून ठेवतात.

एकदा पुढचे दिवे अचानक मोठे झाले आणि उन्नीचा पाय ब्रेकवर जरा जोरात पडला. गाडीची शेपटी डावीकडे सुटली. तिने पाय काढला, ओड्वारच्या दिव्यांवर नजर ठेवली आणि स्टीअरिंग थोडं, अगदी थोडं, तिकडे वळवलं. नजर जिथे, गाडी तिथे. शेपटी परत रांगेत आली. दुसऱ्या कुणाच्या तोंडचं पाणी पळालं असतं. उन्नीचं काळीज धडधडलंसुद्धा नाही, आणि हे बरं लक्षण नाही एवढं तिला समजलं.

आरशात मागच्या गाडीचे दोन पिवळे दिवे दिसत होते. मोठी व्हॅन, तिच्यात नवरा-बायको आणि दोन मुलं. फाटकापाशी ती मुलं मागच्या काचेवर नाक दाबून काळ्या गाडीत काय आहे ते बघत होती आणि आई त्यांना मागे ओढत होती.

पठारावर पोचल्यावर तांडा थांबला. पुढे वाऱ्याने भिंत रचली होती, ट्रक ती फोडत होता. दहा मिनिटं असेल म्हणून उन्नी बसून राहिली. गाडीतली ऊब चालू होती. अर्धा तास झाला. मग आणखी तेवढाच. काट्यावरचे आकडे बघता बघता उतरत होते. वाऱ्याने गाडी पाळण्यासारखी हलत होती. पुढे ओड्वारच्या गाडीची मागची काच पूर्ण पांढरी झालेली, आत काही दिसत नव्हतं.

"आहे मी," उन्नी मोठ्याने म्हणाली. स्वतःचाच आवाज ऐकून तिला ओशाळल्यासारखं झालं आणि ती पुन्हा बोलली नाही.

तांडा हलला तेव्हा काट्यावर अकरा टक्के होते, आणि उतार सुरू व्हायला अजून बराच रस्ता होता. उन्नीने ऊब बंद केली. सीटची बंद केली, काचेवरची हवा बंद केली. यात तिला विशेष काही वाटलं नाही. कोट होता, टोपी होती. थंडी आधी गुडघ्यांत शिरली, मग हातमोज्यांतून बोटांत. थोड्या वेळाने बोटं दुखायची थांबली. स्टीअरिंग धरलंय हे तिला डोळ्यांनी बघून कळत होतं.

पण काच ऐकेना. तिचा श्वास काचेवर आतून गोठायला लागला. ती हातमोज्याने खरवडायची, तेवढ्यापुरतं ताटलीएवढं भोक पडायचं, त्यातून लाल दिवे दिसायचे, आणि ते पुन्हा मिटायचं. तिने बाजूची काच खाली केली तर अख्खं वादळ मांडीवर येऊन बसलं. श्वास रोखून चालवून बघितलं. नाक खाली कोटात घालून बघितलं. एकच विचार डोक्यात होता, तो विचारही नव्हे, नुसती ओढ. दिवे सोडायचे नाहीत. आई पुढे आहे, मी मागे आहे, आणखी थोडंच.

मग उजवीकडे खाड्‌कन आवाज झाला. काठी आरशाला लागून गेली होती. म्हणजे ती रस्त्याच्या कडेवर होती, चाकोरी सुटून कधीची वेगळीच जात होती. तिने गाडी हळूच डावीकडे आणली आणि सवयीने आरशात बघितलं. मागचे दोन पिवळे दिवेही उजवीकडे गेलेले होते. ती वळली तसे तेही वळले. अगदी तिच्यासारखे, तिथेच, तेवढेच.

तांड्यात हेच तर असतं. व्हॅनवाल्याला रस्ता दिसत नव्हता, त्याला उन्नी दिसत होती. उन्नी खड्ड्यात गेली असती तर तो मुलाबाळांसकट मागोमाग आला असता, आणि त्याच्या मागची सगळी रांग. फाटकावर साठ म्हणणारी बाई आपल्याला घेऊन चाललीय हे त्यातल्या कुणालाही माहीत नव्हतं.

तिने पुन्हा काच खरवडली. लाल दिवे होते, लांब आणि बारीक. जोर केला तर गाठता आले असते. "आई," ती म्हणाली, आणि मांजराला न उठवता पाय हळूहळू काढून घेतला. गाडी थांबली. लाल दिवे काही क्षण दिसले, मग एकच दिसला, मग नुसतं पांढरं. आईला दिलेला शब्द तिने त्या जागी मोडला, आणि तेव्हाही तिला रडू आलं नाही. फक्त फार एकटं वाटलं.

मागे सगळे थांबले. बऱ्याच वेळाने शेवटच्या गाडीतली रस्तेवाली बाई, ब्रित, एकेका गाडीला धरत धरत चालत आली आणि दार ओढून उघडलं.

"काय झालं?"

"दिसत नाही. आतून गोठलंय."

ब्रितने आत डोकं घातलं. बंद केलेली ऊब बघितली, काट्यावरचे चार टक्के बघितले. "स्टाइनार साठ म्हणाला होता."

उन्नी पुन्हा काच खरवडायला लागली. ब्रितने श्वास आत ओढत "हं" केलं. इकडे हो म्हणतात ते असं, आणि त्याचा अर्थ ऐकणाऱ्याने लावायचा असतो.

"ट्रक आता थांबवता येत नाही," ब्रित वॉकी-टॉकीवर बोलून झाल्यावर म्हणाली. "पुढे ओड्वार आहे, त्याला खाली सोडून तो परत आपल्याला न्यायला येईल. तोवर इथेच. तुम्ही मागच्या व्हॅनमध्ये बसा."

"माझी आई पुढे आहे."

"माहितेय," ब्रित म्हणाली. आवाज मऊ करायचा तिने प्रयत्न केला, पण वाऱ्यात ओरडूनच बोलावं लागत होतं. "चला. चालता येतंय का?"

व्हॅनमध्ये उकडत होतं आणि संत्र्याचा वास होता. बायकोने मुलीला मांडीवर घेऊन जागा केली, नवऱ्याने थर्मासमधली कॉफी ओतून दिली. उन्नीला कप धरता येईना, तेव्हा त्यानेच तो तिच्या तोंडाशी धरला. आपण कुणामुळे थांबलोय हे ते विचारत नव्हते. ही त्यांची सभ्यता शिवीपेक्षा जास्त लागायला हवी होती, पण उन्नीला तीही लागली नाही.

"त्या काळ्या गाडीत मेलेलं माणूस आहे?" मुलीने विचारलं.

"इंगा," तिची आई म्हणाली.

"माझी आई आहे," उन्नी म्हणाली.

मुलीने विचार केला. "तिला थंडी वाजत असेल?"

"नाही."

"तुला?"

"मलाही नाही," उन्नी म्हणाली. खरं तर तिची बोटं आता परत येत होती आणि कोणीतरी ती पक्कडीत धरून पिळावीत तशी दुखत होती. हात काखेत दाबून ती खिडकीबाहेरच्या पांढऱ्याकडे बघत राहिली.

ट्रक परत येऊन त्यांना खाली पोचवीपर्यंत दुपार कलली होती. पश्चिमेच्या फाटकाशी वारा नव्हताच. दिवे लागले होते, बर्फ नुसता सरळ खाली पडत होता. स्टाइनार ट्रकमधून उतरला, उन्नीकडे आला, तिच्या तोंडाकडे त्याने बघितलं. "गाडी उद्या ओढून आणू," एवढंच म्हणाला. साठचा विषय त्याने काढला नाही, तेच जास्त झालं.

फाटकाच्या पुढे, कडेला, काळी गाडी उभी होती. तिच्याशेजारी ओड्वार पाय आपटत उभा होता. साठीचा, बुटका, नाक लाल झालेला माणूस. सकाळपासून उन्नी त्याच्याशी चार शब्दही बोलली नव्हती.

"तुम्ही गेला नाहीत," ती म्हणाली.

"नाही."

"चर्चमध्ये थांबले असतील."

"थांबलेत. तुमच्या भावाने मला फोनवर जे ऐकवलं ते मी पाद्र्यांना सांगणार नाही." त्याने टोपी कानांवर ओढली. "तुम्हाला सोडून कसा जाणार?"

"माझ्यामुळेच उशीर झाला."

"झाला खरा."

"मी तिला म्हटलं होतं, मागे राहीन. तिला डोंगराची भीती वाटायची." उन्नीचा आवाज सपाट होता, हवामान सांगितल्यासारखा. "आणि ती एकटीच आली."

ओड्वार जरा घुटमळला. "एकटी कुठे? मी होतो की."

"म्हणजे?" उन्नीने विचारलं.

"मी बोलतो त्यांच्याशी," तो म्हणाला. "जे कोणी मागे असेल त्यांच्याशी. वर रेडिओ लागत नाही ना. बायकोला ठाऊक नाही, हसत बसेल. तुमच्या आईला मी आमच्या छपराचं सांगत होतो. गळतंय ते, आणि सुतार येतो म्हणतो आणि येत नाही. तेवढ्यात तुमचे दिवे आरशातून गेले. मला थांबता येईना, ट्रक सुटला असता तर मीही गेलो असतो. मग मी त्यांना सांगितलं."

"काय सांगितलं?"

"म्हटलं, बोर्गहिल्ड, मुलगी येतेय. जरा मागे पडलीय, दिसत नाहीये एवढंच. घाबरायचं नाही." तो खाकरला. "दोन-तीनदा सांगितलं, सारखं. माझीच फाटली होती, खरं सांगायचं तर."

उन्नीने मान हलवली. पुढचं दार त्याने उघडून धरलं होतं, ती चढून बसली. गाडीच्या पुढच्या नि मागच्या भागांच्या मधे एक सरकती काच होती. तिने ती सरकवली आणि हात आत घातला. पेटीचं लाकूड बोटांना लागलं. ते किती थंड आहे हे तिला कळलं.

"आई," ती म्हणाली, "मी स्टाइनारला साठ सांगितले. अडतीसच होते गं."

आणि मग ती रडली. हमसून, तोंड उघडं टाकून, नाक गळत, इकडे कोणी परक्यासमोर रडत नाही तसं. ओड्वार आत येऊन बसला. काचेवर पुसण्यासारखं काही नसताना त्याने वायपर चालू केले, आणि सावकाश, पेडल हळू हळू दाबत, गाडी चर्चच्या रस्त्याला लावली.